फक्त आत्यावश्यक

आत्या घरात आल्या हे आम्हाला बेलवरून कळत नाही, बाथरूममधल्या आरडाओरड्यावरून कळतं. आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. चपला काढतानाच त्यांचा एक हात भिंतीवरून फिरायला लागतो. हॉलमधला पंखा बंद, पॅसेजमधला दिवा बंद, टीव्हीच्या मागचं बटण बंद आणि शेवटी गीझर. त्या वेळी त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा, डोक्याला साबण लावून उभा असतो. तो आतून ओरडतो, त्या बाहेरून विचारतात की एवढा वेळ आत करतोस तरी काय, आणि मग माझ्याकडे चहा मागतात.

चिकटपणा म्हणावा तर तसं नाही. स्वतःच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढणारी बाई. पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा त्यांच्याच्यानं बघवत नाही. "कोणासाठी फिरतोय तो?" असं त्या विचारतात, आणि खरोखर उत्तराची वाट बघतात. एकदा एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं आटोपली असं समजून त्यांनी अर्ध्या पाहुण्यांना अंधारात बसवलं होतं. नवरदेवाच्या मामांनी त्या अंधारात कोणाच्या वाटीत हात घातला यावरून अजून दोन घरांत बोलणं नाही.

आमच्यावर त्यांनी केलेला मोठा उपकार म्हणजे फ्रीजचा. आम्ही सगळे बाहेरगावी गेलो होतो, झाडांना पाणी घालायला किल्ली त्यांच्याकडे दिली होती. त्यांनी झाडांना पाणी घातलं आणि जाताना मेन स्विच खाली ओढला. परत आल्यावर फ्रीज उघडला तेव्हा आतून जे आमच्या स्वागताला आलं त्याचं वर्णन करत नाही, कोणी जेवताना वाचत असेल. आत्या म्हणाल्या, "नासेल असं ठेवून जाताच कशाला?" त्यानंतर मी फ्रीजच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवली: हात लावू नये. पुढच्या वेळी आत्या आल्या, पट्टी वाकडी लागलीय म्हणाल्या आणि काढून सरळ चिकटवून गेल्या. हात न लावता त्यांनी हे कसं केलं ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तेव्हा निदान टिकलीचा आजार सुरू झालेला नव्हता. टिकली माझी मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली, आता माझ्या खांद्याला लागते. तिला इन्सुलिन लागतं, रोज, न चुकता. वापरात असलेली बाटली बाहेर चालते, पण पुढच्या बाटल्यांना गारवा हवाच, तोही बेताचा. तापल्या तर वाया, गोठल्या तरी वाया. आमच्या घरातला फ्रीज तेव्हापासून फ्रीज राहिला नाही, घरातला सगळ्यात थोर माणूस झाला. आणि त्या थोर माणसाच्या गळ्याकडे जाणारा हात आत्यांचा, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं समजेल.

आत्या नोकरी करतात आमच्या वस्तीच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीत. खिडकीला गज आहेत. नवख्या माणसाला वाटतं गज आतल्या बाईच्या रक्षणासाठी आहेत, जुने पेशंट जाणतात की ते बाहेरच्यांच्या सोयीसाठी आहेत. रांगेतल्या प्रत्येकाला आत्या तीनच गोष्टी विचारतात: काय होतंय, कोणाला होतंय, कधीपासून होतंय. आवाज असा की माणूस डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आत त्याचं दुखणं अख्ख्या बाकाला पाठ झालेलं असतं. एकानं लाजून नुसतं "पोटाचं" म्हणून सांगितलं, तर आत्यांनी विचारलं, "कुठल्या टोकाचं?"

त्यांना आत्या हे नाव मिळालं टिकलीमुळे. शाळा सुटली की ती दवाखान्यात जाऊन बसायची आणि गजांतून हात घालून "आत्या, आत्या" करायची. रांगेतल्यांनी ते उचललं. आता त्यांच्याहून वयानं मोठे असलेले आजोबासुद्धा त्यांना आत्या म्हणतात, आणि डॉक्टरीणबाई, ज्या दवाखान्याच्या मुख्य आहेत आणि वयानं आत्यांच्या मुलीसारख्या, त्याही आत्याच म्हणतात.

एका वादळात दवाखाना बरेच दिवस अंधारात होता, तेव्हा वरच्या ऑफिसला जाग आली आणि जनरेटर आला. जनरेटर बेताचाच, अख्खी इमारत ओढणारा नव्हे. म्हणून वायरमननं निराळी लाईन ओढली आणि मोजक्या ठिकाणी लाल सॉकेट बसवले. एक औषधांच्या फ्रीजशेजारी, एक तपासणीच्या खोलीत दम्याच्या लोकांना वाफ द्यायच्या मशीनसाठी, एक डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी आणि एक बाहेर व्हरांड्यात. वीज गेली की जनरेटरवर एवढेच चालणार. प्रत्येकाच्या वर ठळक अक्षरात लिहायचा हुकूम होता: फक्त अत्यावश्यक उपकरणांसाठी.

लिहायला पेंटर आला. पण त्याच सकाळी तो आधी पेशंट म्हणूनही आला होता. दुखणं नाजूक जागेचं. त्यानं ते खिडकीत कुजबुजून सांगितलं आणि आत्यांनी खातरजमा करायला म्हणून ते मोठ्यानं परत विचारलं. मग दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून रंगवत होता. सूड म्हणून असेल किंवा बसलेल्या धसक्यानं असेल, त्यानं सगळ्या लाल सॉकेटांवर गोल, टपोऱ्या, सावली दिलेल्या अक्षरात लिहिलं: फक्त आत्यावश्यक उपकरणांसाठी.

डॉक्टरीणबाई वाचून आधी हसल्या, मग दुरुस्त करायला सांगू लागल्या, तोवर पेंटर डबे घेऊन पसार झाला होता. मी कॉलेजात मराठी शिकलेय, म्हणून सांगते, त्या बिचाऱ्याला चूक म्हणता येत नाही. आत्या अधिक आवश्यक, आत्यावश्यक. संधीचा नियम त्यानं नीट पाळला होता. फक्त शब्द सरकारी राहिला नाही, घरगुती झाला.

आत्यांनी चष्मा लावून ते वाचलं. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या लाल सॉकेटमधून कंपाउंडरची चहाची किटली निघालेली होती. तो विचारायला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्याला आवश्यक नाही." कंपाउंडरनं समजावलं की तो शब्द तसा नाहीच, मुळात तो अत्यावश्यक आहे. आत्यांनी भिंतीकडे बोट केलं. म्हणाल्या, "लिहिलंय ते वाचायचं. मनातलं वाचायचं नाही."

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. मग नदीला पूर आला.

पूल पाण्याखाली गेला आणि पाठोपाठ वीज गेली. दवाखाना उंचावर, जनरेटर त्याच्या मागे ओट्यावर, त्यामुळे दोन्ही शाबूत राहिले. आम्ही टिकलीच्या सगळ्या बाटल्या थर्मासात घालून दवाखान्यात नेल्या. वस्तीतल्या बाकीच्या इन्सुलिनवाल्यांनीही आणल्या. सगळ्या त्या एका औषधांच्या फ्रीजमध्ये गेल्या. त्या फ्रीजच्या दारावर बाहेरून दिसणारा काटा आहे, हिरव्या पट्ट्यात असला की आत ठीक. पूल उघडेपर्यंत नवी बाटली कुठून येणार नव्हती, आणि टिकलीची चालू बाटली तळाला आलेली. म्हणजे माझ्या मुलीचं सगळं त्या काट्यावर येऊन ठेपलं होतं. मी तो काटा देवासारखा बघत होते, आणि डॉक्टरीणबाई जखमा बांधता बांधता मागे न बघताच म्हणाल्या, "आत्या, लाल पॉइंट सगळे तुमच्याकडे. मला वेळ नाही."

अख्ख्या वस्तीत जिनं माझा फ्रीज मारला होता, त्याच बाईच्या हाती बटणं गेली. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं नकळत डोक्यावरून हात फिरवला, साबण आहे का बघितल्यासारखा.

पहिल्याच दिवशी व्हरांड्यात ही गर्दी झाली. एका सॉकेटला एक्स्टेंशन, त्याला आणखी एक, त्याला आणखी एक, आणि प्रत्येकाला झुपकेच्या झुपके फोन. कोणीतरी त्यातच पाणी तापवायचा रॉड लावला. जनरेटर धापा टाकू लागला आणि बंद पडला. फ्रीज गप्प झाला. जनरेटर बघायचं काम अँब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांकडे होतं. ते मागून हात पुसत आले आणि म्हणाले की लोड वाढला की हा डिझेल ढोसतो, आणि जास्त झाला की असा बसतो. कॅनमध्ये आहे तेवढंच डिझेल. नंतर मला शिव्या देऊ नका.

आत्यांनी खिडकीतली आपली खुर्ची उचलली आणि व्हरांड्यातल्या लाल सॉकेटसमोर आणून ठेवली. बसल्या. सगळ्या वायरी उपटल्या. आणि म्हणाल्या, "रांग लावा." त्यांना एकच काम येतं आणि ते त्यांनी सुरू केलं. समोर जो येईल त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघून विचारायचं: काय होतंय, कोणाला होतंय, कधीपासून होतंय.

एक पोरगा मोठा स्पीकर घेऊन आला, लोकांना सूचना द्यायला म्हणून. आत्या म्हणाल्या दाखव एक सूचना. त्यानं बटण दाबलं तर उरल्यासुरल्या चार्जिंगवर नाचाचं गाणं लागलं. एक निवृत्त मास्तर दाढीचं मशीन घेऊन उभे. आत्यांनी विचारलं, पुरात कोण बघतंय. तर म्हणे, सोडवायला होडी येईल तेव्हा फोटो काढतील. आत्यांनी त्यांना साधा वस्तरा आणि आरसा दिला, वर म्हणाल्या हात थरथरला तर आत डॉक्टरीणबाई आहेतच. फोनचा निकाल त्यांनी असा लावला की एका गल्लीला एक फोन चार्ज होईल, बाकीच्यांनी त्याच्यावरूनच बोलायचं. डिझेल वाचलं ते खरं, पण कोणाचं कोणाशी काय चाललंय ते पुराच्या पाण्यापेक्षा जोरात पसरलं. आमच्या गल्लीतल्या दोन सासवा त्या दिवसांत काय काय शिकल्या, त्याचे परिणाम अजून चालू आहेत.

मी दिवसातून किती वेळा फ्रीजपाशी जात होते ते मला आठवत नाही, आत्यांना आठवतं. "वहिनी, तो पळून जाणार नाही," म्हणायच्या. एकदा तर मी दार उघडायला हात घातला, नुसता, खरंच गार आहे का बघायला. त्यांनी व्हरांड्यातून "ए" एवढंच म्हटलं, आणि माझ्या मागे उभा असलेला ताप आलेला माणूससुद्धा दचकून मागे सरला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा काय, फ्रीजचा प्लग काढलेला. वायर खाली लोंबत होती. दाराला टेकून आत्यांची खुर्ची आणि खुर्चीत आत्या.

"आत्या, फ्रीज बंद आहे."

"मीच केलाय."

मागे टिकली उभी होती, तिच्यादेखत रडायचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले की आत्या, हे आपल्या घरातलं दूध नाही हो.

"मला काय वेड लागलंय?" त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. त्यांचा खालचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. "आत सुताराच्या आईला दम लागलाय. वाफेचं मशीन आणि हा, दोन्ही एकदम ओढवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दार उघडलं नाही तर थोडा वेळ काही होत नाही. म्हणून दाराला पाठ लावून बसलेय. काटा बघ."

काटा हिरव्यात होता.

"आणि तुमच्या घरी मी उगाच नाही बंद केला होता," खुर्चीत सावरून बसत त्या म्हणाल्या, आता नेहमीच्या आवाजात. "सराव केला होता."

सुताराच्या आईला आराम पडला, मशीन थांबलं, आत्यांनी प्लग परत लावला आणि फ्रीज घुं करून सुरू झाला. इतकं गोड गाणं मी कुठल्या कार्यक्रमात ऐकलेलं नाही.

पण पाणी काही उतरेना. एका दुपारी ड्रायव्हरदादांनी येऊन सांगितलं की शेवटचा कॅन लावलाय, रात्र निघेल की नाही सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. त्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि काट्यानं हिरव्याच्या वरच्या टोकाकडे तोंड केलं होतं. टिकलीची चालू बाटली मी तिरकी करून बघितली, दोन-चार वेळचं औषध.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांचा माणूस वायरचं भेंडोळं घेऊन आला. साहेब म्हणजे आमच्या वस्तीतले पुढारी. ते कसले पुढारी आहेत ते नीट कोणाला माहीत नाही, पण पुढे असतात. दवाखान्यासमोरच त्यांचा बंगला. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत रंगीत मासे होते, त्यांना हवा देणारं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून दवाखान्यातून लाईन हवी होती.

आत्या म्हणाल्या, "बाहेर एवढं पाणी आहे. सोडा की त्यांना."

माणूस गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांच्या हातात बंद पडलेला फोन होता. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की मासे राहू दे, पण हा फोन तरी लावा, वरच्या लोकांशी बोलायचंय, होड्या मागवायच्यात, हे अत्यावश्यक आहे.

"वाचा बघू वर काय लिहिलंय," आत्या म्हणाल्या.

साहेब भाषणाच्या सवयीनं खणखणीत वाचू लागले. "फक्त आत्या..." आणि थांबले.

"मग? आत्याला विचारलंत?"

व्हरांड्यात कोणी हसलं नाही. सगळे भिंतीकडे बघत होते, जाड अक्षरांना नव्यानं दाद देत असल्यासारखे. साहेबांनी रीतसर विचारलं. आत्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. काय होतंय? बॅटरी संपलीय. कोणाला? मला. कधीपासून? कालपासून. मग त्यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारला, जो त्या खिडकीत कधी विचारत नाहीत.

"तुमची ती मोठी गाडी काय पिते हो?"

"डिझेल."

आत्यांनी दारातून बाहेर बघितलं. बंगल्याच्या उंच फाटकात गाडी धुतलेली, चकचकीत उभी होती. पूल पाण्याखाली. चारी बाजूंना पाणी. गाडीला जायला फार तर बंगल्याभोवती एक चक्कर होती.

"कोणासाठी उभी आहे ती?" आत्यांनी विचारलं, आणि नेहमीसारखी उत्तराची वाट बघितली.

मी त्यांचा तो प्रश्न लग्नापासून ऐकत आले, वैतागत आले. माझा नवरा तर साबणातून ऐकतो. पण त्या दुपारी अख्खा व्हरांडा त्यांच्याबरोबर उत्तराची वाट बघत होता. सुताराची आई आतून उठून दाराशी आली. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. काहीतरी म्हणायला मागे वळले तर ड्रायव्हरदादा हातात नळी आणि रिकामा कॅन घेऊन उभेच होते.

"घ्या," साहेब म्हणाले. "मी तेच सांगायला आलो होतो."

टाकी काठोकाठ होती. एक कॅन भरला तेव्हा आत्यांनी साहेबांचा फोन लावला. थोडा चार्ज झाल्यावर काढला आणि म्हणाल्या, बाकीचं दुसरा कॅन आल्यावर. साहेबांनी तेवढ्यावर होड्या मागवल्या हे मात्र खरं, आणि फोनवर सांगितलंही की दवाखान्यासाठी डिझेल आपण स्वतः उभं केलंय. आत्यांनी मान डोलावली. श्रेयाला वीज लागत नाही, म्हणाल्या, हवं तेवढं घ्या. मासे शेवटी बादलीतून दवाखान्यात आले. साहेबांचा माणूस स्टुलावर बसून डावानं पाणी ढवळत राहिला, आणि आत्यांनी माशांचा केसपेपर काढला. काय होतंय: धाप.

टिकलीची बाटली संपली ती पूल उघडायच्या आदल्या दिवशी. सकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः फ्रीज उघडला. आत्यांनी खुर्ची सरकवली, पण दार उघडं असेपर्यंत त्या उजळणी घेतल्यासारख्या "लवकर, लवकर" करत होत्या. बाटली उजेडात धरली, स्वच्छ पाण्यासारखी. टिकलीनं आपलं आपण इंजेक्शन घेतलं, तिला माझा हात लागत नाही, मलाच तिचा लागतो. मग आम्ही बाकावर बसून राहिलो. बोट टोचून पुन्हा तपासलं तेव्हा साखर उतरली होती. औषध जिवंत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तेव्हा आत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या पाठीवरून हात फिरवतील असं मला वाटलं.

"उतरली ना?" त्या म्हणाल्या. "मग तो कंदील मालव वहिनी. दिवस उजाडलाय."

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर वरच्या ऑफिसातून तपासणीला माणूस आला. त्याला जनरेटर आवडला, फ्रीज आवडला, काना आवडला नाही. तसं लेखी कळवण्यात आलं. पेंटरला बोलावलं. तो आला, आणि आत्यांनी खिडकीतून विचारलं की ते नाजूक जागेचं आता कसं आहे. त्यानं घाईघाईनं काने खरवडले आणि पळाला. त्या घाईत एक राहिला, फ्रीजच्या वरचा. तो दिसू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिथे कॅलेंडर लावलंय. महिना उलटताना पान जरा वर उचललं की आत्या दिसतात.

आमच्या घरी आत्या परवाच येऊन गेल्या. हॉलमधला पंखा गेला, पॅसेजमधला दिवा गेला, गीझर गेला आणि बाथरूममधून नेहमीचा ओरडा आला. मग त्या स्वयंपाकघरात आल्या. फ्रीजच्या बटणाशी माझी जुनी पट्टी अजून आहे, हात लावू नये. तिच्या खाली टिकलीनं नवी लावलीय, टपोऱ्या अक्षरात, सावली देऊन, कान्यासकट. आत्यांनी चष्मा लावून ती वाचली. तळहात फ्रीजच्या दाराला लावून जरा वेळ उभ्या राहिल्या, ताप बघतात तशा.

पट्टी थोडी वाकडी होती. ती त्यांनी तशीच राहू दिली, आणि मला म्हणाल्या, "दार कमी उघडत जा."